फुकट एडिटरवर वेबसाइट बांधताना: आधी बाहेर पडायचं दार पाहा

दापोलीपासून थोडं आत माझ्या आत्येभावाचं घर आहे. मागे नारळी-पोफळीची वाडी, पुढे सारवलेलं अंगण आणि एका बाजूला पाहुण्यांसाठी काढलेल्या चार खोल्या. घराकडे वळणाऱ्या फाट्यावर पत्र्याची पाटी आहे. पिवळ्यावर लाल अक्षरांत ‘घरगुती जेवण व राहण्याची सोय’, त्याखाली मोबाइल नंबर आणि सगळ्यात खाली वेबसाइटचा पत्ता. दोन वर्षं त्या पत्त्यावर काहीच उघडत नव्हतं.

एका पावसाळ्यात, खोल्या रिकाम्या असताना, आम्ही दोघांनी फुकटच्या एका एडिटरवर, म्हणजे कोड न लिहिता वेबसाइट बांधायच्या साधनावर, ती साइट एका रविवारात उभी केली होती. काही वर्षांनी त्या कंपनीने सेवाच गुंडाळली. तशी सूचना ईमेलवर आली होती, पण ते ईमेल खातं भाच्याने कॉलेजात असताना काढलेलं. तो नोकरीला पुण्याला गेला आणि मग ते कोणी उघडलंच नाही. साइटबरोबर फोटो गेले आणि पाहुण्यांचे अभिप्रायही गेले. फोटो पुन्हा काढता येतात. पहिल्या वर्षी आलेल्या एका आजींनी आत्याच्या हातच्या मोदकांवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्या मात्र कुठेच उतरवून ठेवलेल्या नव्हत्या. आत्या आता नाही.

म्हणून हा लेख लिहितोय. फुकटचे एडिटर वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. नवी साइटही आम्ही फुकटच्याच साधनावर बांधली आणि ती छान चालली आहे. पण या वेळी रंगरूप बघण्याआधी एक प्रश्न विचारला: उद्या इथून निघायची वेळ आली तर बरोबर काय काय नेता येईल? होमस्टे असो, पोळी-भाजी केंद्र असो की गावचं वाचनालय, पहिल्यांदा साइट करणाऱ्याने याच प्रश्नापासून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं.

ओढून सोडायचं म्हणजे नेमकं काय

या एडिटरमध्ये पान लोकांना जसं दिसणार, तसंच ते बांधताना तुमच्या समोर असतं. फोटोची चौकट माउसने धरायची, हवी तिथे सोडायची, अक्षरांवर टिचकी मारून टाइप करायचं. मागे एचटीएमएल आणि सीएसएसचा कोड तयार होत असतो, तो तुम्हाला बघावा लागत नाही. ही कल्पना तशी जुनीच. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये पहिला वेब ब्राउझर लिहिला, तेव्हा त्यात पान वाचता यायचं आणि तिथल्या तिथे बदलताही यायचं.

आज फुकटात मिळणारी साधनं ढोबळमानाने तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार म्हणजे सगळं एकाच छताखाली देणाऱ्या सेवा: गूगल साइट्स, विक्स, वर्डप्रेस डॉट कॉम, कॅनव्हाच्या वेबसाइट, आणि एकपानी साइटसाठी ‘कार्ड’ (इंग्रजीत दोन आर लिहितात ते). एडिटरही त्यांचा, पान ठेवायची जागाही त्यांची. दुसऱ्या प्रकारात होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची जागा, तुम्ही विकत घेता आणि त्यावर वर्डप्रेस हे साइट चालवायचं फुकट सॉफ्टवेअर टाकून एलिमेंटरसारखं फुकट प्लगइन (जोडसाधन) किंवा वर्डप्रेसचा स्वतःचा ब्लॉक एडिटर वापरता. इथे एडिटर फुकट, जागा विकतची. तिसरा प्रकार कमी माहीत असलेला. मोबिराइजसारखं सॉफ्टवेअर तुमच्याच संगणकावर चालतं आणि तयार पानांच्या फाइली तुमच्याच हातात देतं, मग त्या कुठेही चढवा.

बहुतेक नवखे लोक पहिल्या प्रकाराकडे जातात आणि ते योग्यही आहे. पुढच्या पायऱ्या मुख्यतः त्यांच्यासाठी.

पायरी पहिली: एडिटर उघडू नका, वही उघडा

आत्येभावाला रोज फोन येतात. नवी साइट करायचं ठरल्यावर आम्ही आठवडाभर फोनशेजारी वही ठेवली आणि लोक काय विचारतात ते वहिनी लिहीत गेली. खोलीचा दर किती आणि जेवण त्यात धरलंय का. शाकाहारी वेगळ्या भांड्यात शिजतं का. अंघोळीला गरम पाणी किती वाजेपर्यंत. खेड स्टेशनवरून यायला काय मिळतं. गुहागरकडून येणाऱ्याने दाभोळची फेरीबोट धरली तर गाडी बोटीत चढते का. हर्णैच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव बघायचा तर कधी निघायचं. समुद्र चालत जाण्याइतका जवळ आहे का. कुत्रा आणला तर चालेल का.

ती वही म्हणजेच आमची वेबसाइट होती. प्रश्नांची उत्तरं साध्या फाइलमध्ये टाइप केली, फोटो एका फोल्डरमध्ये ठेवले, प्रत्येक फोटोला ओळखू येईल असं नाव दिलं. आणि घरात नियम केला: आधी फाइलमध्ये लिहायचं, मग तिथून एडिटरमध्ये चिकटवायचं. एडिटरमध्ये थेट काहीही टाइप करायचं नाही. मूळ प्रत घरात राहिली की एडिटर बदलणं म्हणजे दोन दिवसांचं काम होतं. मूळ प्रतच एडिटरमध्ये असेल, तर तो बंद होईल त्या दिवशी तुमच्याकडे काही उरत नाही. या लेखातली एकच गोष्ट कराल, तर ही करा.

पाहुण्यांचे अभिप्रायही आता आम्ही फाइलमध्ये तारखेसकट उतरवून घेतो.

पायरी दुसरी: गरज किती आहे ते ठरवा

यात फार वेळ घालवायला नको. एक-दोन पानं, थोडे फोटो, नकाशा आणि फोन नंबर एवढंच हवं असेल तर कुठलंही फुकट साधन पुरतं. दर आठवड्याला नवं काही लिहायचं असेल, जुनं लेखन तारखेप्रमाणे सापडायला हवं असेल, तर वर्डप्रेसकडे जा. साइटवरच पैसे स्वीकारायचे असतील, माल किती शिल्लक आहे ते दाखवायचं असेल, तर फुकटच्या खात्यात ते नीट होत नाही, तिथे ओढाताण करू नका. आमच्याकडे बुकिंग व्हॉट्सअॅपवर होतं आणि आगाऊ रक्कम यूपीआयने येते, त्यामुळे साइटवर पैशांची सोय लागतच नाही. ‘व्हॉट्सअॅपवर विचारा’ अशी एक लिंक पुरली. त्या लिंकमध्ये नंबर लिहिताना पुढे ९१ घालायला मात्र विसरू नका, नाहीतर ती नीट उघडणार नाही.

पायरी तिसरी: बाहेर पडायचं दार तपासा

इथे जरा थांबून वाचा.

सेवा बंद पडणं ही काही अपवादाने घडणारी गोष्ट नाही. जिओसिटीज १९९४ मध्ये सुरू झालं, लाखो लोकांनी तिथे आपली पहिली पानं बांधली. याहूने ते विकत घेतलं आणि २००९ मध्ये अमेरिकेतली सेवा बंद केली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून त्यातली जमतील तेवढी पानं वाचवली. अलीकडचं उदाहरण तर आपल्याकडच्या कितीतरी दुकानदारांना जवळचं असेल. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून दोन मिनिटांत फुकट वेबसाइट तयार व्हायची. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या सगळ्या साइट बंद केल्या. १० जूनपर्यंत जुना पत्ता उघडला की माणूस प्रोफाइलवर जायचा, त्यानंतर तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता बिलांवर, पिशव्यांवर, पाटीवर छापला होता त्यांच्याकडे फक्त छपाई उरली.

पैसे देऊन घेतलेलं साधनही बंद पडू शकतं. अडोबीचं म्यूझ हे असंच कोडशिवाय साइट बांधायचं साधन होतं, २०१८ मध्ये कंपनीने ते पुढे वाढवणार नसल्याचं जाहीर केलं. पण म्यूझ तयार पानांच्या फाइली तुमच्या हातात देत असे, त्यामुळे आधी बांधलेल्या साइट आपापल्या होस्टिंगवर चालू राहिल्या. बंद दोन्हीकडे झालं, पण म्यूझवाल्यांजवळ फाइली होत्या.

म्हणून खातं काढण्याआधी त्या सेवेच्या मदत-पानांवर ‘एक्सपोर्ट’ (साइट उतरवून घेणं) हा शब्द शोधा. काय सापडेल ते थोडक्यात सांगतो. विक्सवर बांधलेली साइट त्यांच्याच जागेवर राहते, ती उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. शिवाय तिथल्या नेहमीच्या एडिटरमध्ये एकदा निवडलेलं टेम्पलेट (पानाचा तयार साचा) नंतर बदलता येत नाही, नवं हवं तर साइट नव्याने मांडायची. वर्डप्रेस डॉट कॉमवरून सगळं लेखन एका फाइलमध्ये उतरवून घेता येतं आणि दुसऱ्या वर्डप्रेसमध्ये घालता येतं. फुकट खात्यातही. सजावट सगळी येत नाही, पण शब्द येतात. स्वतःच्या होस्टिंगवर एलिमेंटर वापरत असाल तर प्लगइन बंद केल्यावर मजकूर राहतो, मांडणी विस्कटते. मोबिराइजच्या फाइली तर पहिल्यापासून तुमच्याच संगणकावर असतात. गूगल साइट्सवरून दुसरीकडे हलणं म्हणजे जवळपास हाताने उतरवून काढणंच आहे, पण तिथली पानं इतकी साधी असतात की मूळ फाइल जवळ असेल तर ते जड जात नाही. आम्ही गूगल साइट्स घेतलं ते हे माहीत असून, पहिली पायरी नीट पार पडली होती म्हणून.

आणि खातं काढताना असं ईमेल द्या जे मालक रोज उघडतो. मालक रोज ईमेल बघत नसेल तर घरातल्या दोघांना साइटवर संपादनाचे हक्क द्या.

पायरी चौथी: पत्ता विकत घ्या

फुकटात पत्ता मिळतो, पण तो लांबलचक असतो आणि त्यात कंपनीचं नाव असतं. विक्सवर तुमच्या नावाला विक्ससाइट चिकटतं, वर्डप्रेसवर वर्डप्रेस डॉट कॉम. फोनवर असा पत्ता सांगून बघा, दुसऱ्या अक्षरालाच समोरचा अडखळतो.

सगळं फुकट ठेवा, पण डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा पत्ता, विकत घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. डॉट इनचा पत्ता वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळतो. मे महिन्यात एक खोली एका रात्रीला जेवढी देते, त्याहून कमी. पत्ता तुमचा असेल तर मागचा एडिटर कितीही वेळा बदला, पाटी पुन्हा रंगवावी लागत नाही.

घेताना तीन गोष्टी बघा. पहिल्या वर्षीचा दर स्वस्त असतो आणि नूतनीकरणाचा महाग, तेव्हा दुसऱ्या वर्षीचा आकडा विचारा. डोमेन मालकाच्याच नावावर आणि मालकाच्याच ईमेलवर घ्या, साइट करून देणाऱ्याच्या नावावर कधीही नाही. कितीतरी लोक आपल्याच पत्त्यासाठी दुसऱ्याच्या हातापाया पडताना मी पाहिलेत. आणि तिसरी, जी बाकी सगळं झाल्यावर कळते: प्रत्येक फुकट एडिटर तुमचं डोमेन जोडू देत नाही. विक्स आणि वर्डप्रेस डॉट कॉमवर त्यासाठी पैशांची योजना घ्यावी लागते, कार्डवरही तसंच. गूगल साइट्स वेगळे पैसे न घेता जोडू देतं. जोडून झाल्यावर पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आणि त्याशिवाय, दोन्ही प्रकारे उघडून पाहा. एक उघडत नसेल तर डोमेन जिथून घेतलं तिथे फॉरवर्डिंग (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर पाठवणं) लावायचं असतं.

डॉट भारत या शेवटाचा देवनागरी पत्ताही घेता येतो. मला तो फार आवडतो. पण सगळीकडे तो अजून सुरळीत चालत नाही, त्यामुळे घ्यायचा तर जोडीला म्हणून घ्या, एकुलता एक म्हणून नको.

पायरी पाचवी: एडिटरला मराठी येतं का ते बघा

जगभरच्या याद्यांमध्ये ‘उत्तम फुकट एडिटर’ निवडताना हे कोणी तपासत नाही. आपण तपासायला हवं. साइट बांधायच्या आधी एक कोरं पान घ्या आणि त्यात ही ओळ टाका: ‘कऱ्हाडच्या दऱ्याखोऱ्यांत ऋतू बदलला, कृष्णेला पूर आला, शाळेत श्लोक म्हटले.’ मग ती मोठ्या शीर्षकात, लहान मजकुरात आणि बटणावर चिकटवून बघा.

पहिलं दुखणं शिरोरेषेचं. पुष्कळ टेम्पलेटांत शीर्षकाची अक्षरं मुद्दाम लांब लांब ठेवलेली असतात. इंग्रजीत ते देखणं दिसतं. मराठीत प्रत्येक अक्षरावरची रेघ तुटते आणि शब्द दाताच्या फटींसारखा दिसतो. आमच्या पहिल्या साइटवर ‘स्वागत’ हा शब्द असाच तीन तुकड्यांत पडला होता आणि आम्हाला कारण कळत नव्हतं. कारण एवढंच की अक्षरांमधलं अंतर शून्यावर आणायचं होतं. तशी सोय एडिटरमध्ये नसेल तर टेम्पलेट बदला.

दुसरं दुखणं ओळींमधल्या अंतराचं. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात. इंग्रजीच्या मापाने बसवलेल्या ओळींत ‘र्की’चा वरचा भाग कापला जातो किंवा वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन भिडतो. अंतर दीडपटीपेक्षा थोडं जास्त ठेवा, मजकूर लगेच मोकळा श्वास घेतो.

तिसरं फॉन्टचं. टेम्पलेटमधला इंग्रजी फॉन्ट मराठी अक्षरांना लागू होतच नाही. मग ब्राउझर हाताला लागेल तो देवनागरी फॉन्ट दाखवतो, प्रत्येकाच्या फोनवर वेगळा. म्हणून फॉन्टच्या यादीतून देवनागरीचाच निवडा. नोटो सान्स देवनागरी, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बालू’, आणि मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी. हे सगळे फुकट आहेत. जुन्या पत्रकातला श्रीलिपी या जुन्या फॉन्टपद्धतीतला मजकूर तसाच चिकटवू नका, त्याची इंग्रजी चिन्हांची खिचडी होते. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घ्या.

साइटची भाषा निवडायची सोय असेल तर तिथे मराठी करा. पान मोठ्याने वाचून दाखवणारी साधनं जे दृष्टिहीन लोक वापरतात, त्यांच्यासाठी ते फार महत्त्वाचं असतं.

आणि कृपा करून मजकूर चित्रात घालू नका. कॅनव्हात सुंदर दरपत्रक बनवून ते फोटो म्हणून चढवायचा मोह होतो. पण मग त्यातला दर शोधयंत्राला सहजी सापडत नाही, फोन नंबरवर बोट ठेवून फोन लागत नाही, आणि दर बदलला की सगळं चित्र नव्याने करावं लागतं.

पायरी सहावी: आता बांधा

इथे एडिटरच्या स्वभावाप्रमाणे दोन तऱ्हा दिसतात. काहींत वस्तू कुठेही, अगदी अर्ध्या इंचाने इकडे-तिकडे सोडता येते. विक्सचा नेहमीचा एडिटर या जातीचा. मोकळीक भरपूर, पण मोबाइलवरचं रूप वेगळं उघडून पुन्हा नीट लावावं लागतं. ते विसरलात तर फोनवर फोटो मजकुरावर चढलेला दिसतो. दुसऱ्या जातीत, म्हणजे गूगल साइट्स किंवा ब्लॉक एडिटरमध्ये, वस्तू जाळीतच बसतात. सुरुवातीला हात बांधल्यासारखं वाटतं. पण तीच जाळी फोनवर आपोआप एकाखाली एक लागते. नवख्या माणसाला मी दुसरी जात सुचवेन. पाहुण्यांपैकी बहुतेक जण फोनवरूनच बघतात, तेव्हा संगणकावरच्या अर्ध्या इंचासाठी जीव टाकण्यात अर्थ नाही.

शीर्षक करताना अक्षरं नुसती मोठी आणि ठळक करू नका. एडिटरमध्ये ‘हेडिंग’ म्हणून वेगळी शैली असते, ती लावा. शोधयंत्राला आणि वाचून दाखवणाऱ्या साधनांना पानाची रचना त्यावरूनच कळते.

फोटोंवर थोडा वेळ घाला. आजच्या फोनचा एक फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो, असे बारा टाकले की पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो. फुकट एडिटर आधीच आपल्या बाजूने बराच कोड पानावर लादतात, त्यात आपली भर नको. स्क्वूश नावाचं फुकट साधन ब्राउझरमध्येच चालतं. त्यात फोटोची रुंदी सोळाशे पिक्सेलवर आणा, दर्जा थोडा उतरवा, दोन-तीनशे केबीत काम होतं आणि डोळ्यांना फरक कळत नाही. प्रत्येक फोटोला त्यात काय आहे ते सांगणारी ओळ जोडा: ‘अंगणातून दिसणारी नारळाची वाडी’.

चौकशीचा फॉर्म लावणार असाल तर नाव, फोन आणि तारखा पुरे. ओळखपत्राचा फोटो फॉर्ममधून मागू नका. ती माहिती कुठल्या कंपनीच्या कुठल्या संगणकावर पडून राहील यावर तुमचा ताबा नसतो, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर लोकांची माहिती सांभाळणं ही आपलीही जबाबदारी झाली आहे. ओळखपत्र पाहुणा दारात आल्यावर बघावं.

फुकटात खरोखर काय मिळतं

दोष बरेच सांगितले, आता जमेची बाजूही सांगायलाच हवी. माहिती वाटेत कोणी वाचू नये म्हणून असलेलं सुरक्षित एचटीटीपीएस या सेवा आपोआप देतात. सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवायची कटकट नाही. स्वतःच्या होस्टिंगवरच्या वर्डप्रेसला ती असते, आणि प्लगइन महिनोन्‌महिने जुनं राहिलं तर साइटमध्ये कोणीतरी घुसायची भीती असते. चुकलं तर मागे जाता येतं.

पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा वेगळाच आहे. गेल्या एप्रिलमध्ये आंब्याचा हंगाम लांबला आणि वहिनीने भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर स्वतः साइट उघडून लिहिलं, ‘आमरस १० मेपासून’. कोणाला फोन केला नाही, कोणाची वाट पाहिली नाही. एवढ्या दोन शब्दांसाठी पूर्वी पुण्याहून भाचा येण्याची वाट बघावी लागायची. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिलाय. त्यासाठी विक्सची जाहिरातपट्टी किंवा कार्डच्या तळाशी येणारं त्यांचं नाव मी आनंदाने सोसेन.

मर्यादाही माहीत असाव्यात. कार्डच्या फुकट खात्यात तीन साइट आणि प्रत्येकीत शंभर घटक. एका पानाला ते पुष्कळ होतात. वर्डप्रेस डॉट कॉमवर फुकटात १ जीबी जागा आणि त्यांच्या जाहिराती. गूगल साइट्सवर जाहिराती नाहीत, पण सजावट मोजकीच, सगळ्या साइट चुलत बहिणींसारख्या दिसतात. हे नियम कंपन्या बदलत असतात, म्हणून खातं काढायच्या दिवशी स्वतः वाचा.

तर मग कोणी काय घ्यावं? फोन नंबर, पत्ता आणि दोन फोटो एवढंच हवं असलेल्या सुताराने किंवा शिकवणीवाल्या बाईंनी कार्ड घ्यावं. होमस्टे, खानावळ, छोटी संस्था यांनी गूगल साइट्स आणि वर स्वतःचं डोमेन. सतत लिहिणाऱ्याने वर्डप्रेस डॉट कॉम. लग्नाची किंवा एखाद्या कार्यक्रमाची साइट, जी दोन महिन्यांनी कोणी बघणार नाही, ती कॅनव्हात करा, तिथे बाहेर पडायच्या दाराची चिंताच नको. विक्स दिसायला सुरेख आहे. पुढे दरवर्षी पैसे भरायची तयारी असेल तर जरूर घ्या, नुसतं फुकट म्हणून नको. शंभर वर्षं चाललेलं वाचनालय असेल आणि अपडेट बघणारा कोणी घरचा माणूस असेल, तर स्वतःचं होस्टिंग आणि वर्डप्रेसचा ब्लॉक एडिटर. अशा संस्थेचं दप्तर दुसऱ्याच्या मर्जीवर असू नये.

पायरी सातवी: प्रसिद्ध करायच्या आधी आणि नंतर

प्रसिद्ध करायच्या आधी घरचं वायफाय बंद करा आणि ज्याने साइट बघितलेली नाही अशा माणसाच्या हातात फोन द्या. त्याला फक्त दोन गोष्टी विचारा: दोघांचा एका रात्रीचा दर किती, आणि फोन कुठे लावायचा. तो दहा-पंधरा सेकंदांत सांगू शकला नाही तर मांडणी बदला. आम्ही दूध घालायला येणाऱ्या काकांना विचारलं. दर त्यांना सापडला, नंबर सापडला नाही, कारण तो अगदी तळाशी होता. आता तो सगळ्यात वर आहे. गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स हे साधनही फुकट आहे, पान कुठे जड झालंय ते त्यात दिसतं.

प्रसिद्ध झाल्यावर साइटचा पत्ता गूगल सर्च कन्सोल या, गूगलच्या शोधासाठी साइट नोंदवायच्या साधनात नोंदवा. मग जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जाऊन तिथे तो जतन करायला द्या. एक मिनिटाचं काम आहे. आमचं जुनं पान तिथे असतं तर आजींच्या त्या चार ओळी आज मिळाल्या असत्या. प्रत्येक पान ब्राउझरमधून पीडीएफ म्हणूनही उतरवून फोल्डरमध्ये ठेवा.

आता फाट्यावरच्या पाटीचा तळ पेंटरने नव्याने रंगवलाय आणि तिथे आमचा स्वतःचा डॉट इनचा पत्ता आहे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी वहिनीने दोन नोंदी केल्यात. एप्रिलच्या पानावर ‘दर बघणे, फाइल व फोटो उतरवणे’. ऑक्टोबरच्या पानावर, दिवाळीच्या गर्दीआधी, ‘डोमेनचे पैसे’. नवं कालनिर्णय आणलं की ती आधी या दोन नोंदी त्यावर उतरवते.